वीस पावलं वरच्या अंगाला

रस्ता बघणं ही माझी नोकरी होती. लोकांना हसू यायचं. "रस्ता बघायचा पगार देत्यात व्हय रं तुला?" असं गावातले म्हातारे विचारायचे आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो. पण मुंबईच्या गोदीतून एखादं लोखंडी धूड ज्यानं घाट चढवून आमच्या नगर जिल्ह्यात आणलंय, त्याला विचारा. पोत्यातला माल कुठूनही जातो. पेट्या एका ट्रकात मावल्या नाहीत तर दोनात घालता येतात. बॉयलरचा चाळीस टनी अख्खा ड्रम दोनात घालता येत नाही. तो जिथून जाणार तिथली प्रत्येक मोरी, प्रत्येक वळण, रस्त्यावरून गेलेली प्रत्येक तार आधी कुणीतरी जाऊन बघावी लागते. ते मी बघायचो. जीपला मालाच्या उंचीचा एक बांबू उभा बांधलेला असायचा. बांबू तारेला लागला की खाली उतरायचं, वहीत लिहायचं आणि पुढं निघायचं.

मुंबईच्या एका अवजड मालाच्या वाहतूकदाराकडं मी तीन वर्षं टेम्पररी होतो. मालकाला आम्ही शेट म्हणायचो. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, शेटनं मला बोलावलं आणि म्हणाला, "तुझ्या मुलखातलं काम आलंय. नव्या साखर कारखान्याचा ड्रम आहे, परदेशातून बोटीनं येतोय. एवढा नीट पोचव, तुला कायम करतो." मला काय, आकाश ठेंगणं झालं. कारखाना उभा राहत होता तिथून माझ्या थोरल्या बहिणीची वाडी सहा मैलांवर होती. म्हटलं, आक्काच्या दारावरून एवढं मोठं धूड घेऊन जाईन, सगळी वाडी बघायला येईल.

बोट आली, पण गोदीत लागेना. त्या साली धान्याच्या बोटी आधी आत घ्यायचे. परदेशातला गहू आणि मायलो, म्हणजे ती तांबडी ज्वारी, घेऊन त्या रांगेनं येत होत्या, आणि आमची बोट बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी. मी रोज सकाळी गोदीत जाऊन बसायचो. हमाल पाठीवर पोती घेऊन फळीवरून उतरायचे, त्यांच्या घामावर गव्हाचा भुसा चिकटलेला. ती पोती आमच्याच मुलखात चालली होती. आमचीच माणसं ते खाणार होती. मग राग काढायचा तरी कुणावर? तरी मी चडफडायचो. कारण एकेक दिवस जात होता आणि माझ्या वहीत एक गोष्ट लाल शाईनं लिहिलेली होती: नदी, पावसाच्या आत.

त्याचं असं होतं. कारखान्याच्या वाटेवर आमच्या नदीवर एक जुना दगडी पूल होता. बांधकाम खात्याचा ओव्हरसीअर माझ्यासमोर पुलाखाली गेला, कमानीवर हात फिरवला आणि वर येऊन म्हणाला, "बैलगाड्या, एसटी, उसाचे ट्रक, एवढंच. तुमचा ड्रम नेलात तर पूलही जाईल आणि ड्रमही." लेखी दिलं त्यानं तसं. पुलाला खालून रेल्वेच्या लाकडी स्लीपरांचे टेकू द्यायचे तर वरून परवानगी यायला महिना, टेकू द्यायला आणखी पंधरा दिवस. तोवर पाऊस.

तेव्हा ही कल्पना माझ्या डोक्यातून निघाली. खोटं कशाला बोलू, माझ्याच डोक्यातून. नदी दोन वर्षं कोरडीठाक होती. पात्रात गुरं चरायची, म्हणजे चरायला काही नव्हतंच, नुसती फिरायची. पूल सोडून द्यायचा आणि ट्रेलर पात्रात उतरवून पलीकडं काढायचा. चांगल्या सालात हे जमलंच नसतं. दुष्काळानं आम्हाला रस्ता करून दिला होता. कारखान्याच्या इंजिनिअरला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. साहेब पुण्याकडचा होता, माणूस तसा वाईट नव्हता, पण त्याला नदी म्हणजे नकाशावरची एक रेघ होती. तो म्हणाला, "शाबास, संधी ओळखायला अशी नजर लागते." त्या थापेनं मी चार दिवस फुगून होतो.

आता अडचण एवढीच की वाळूत चाळीस टन उभे राहत नाहीत. खाली टणक तळ हवा. मी पहार घेऊन पात्रातून दोन दिवस फिरलो. जिथं पहार ठोकली तिथं ती छातीएवढी आत जायची. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी वैतागून मी आक्काच्या घरी गेलो.

आक्काचं घर वाडीच्या टोकाला, नदीकडं तोंड करून. दाजी बाजेवर पडून होते. चार महिन्यांपूर्वी दुष्काळी कामावर, खडीच्या खाणीत, दगड निसटला आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं, पण हाड धरेना. उठणं-बसणं सगळं आक्काच्या हातानं. तरी माणूस हसरा. मला बघून म्हणाले, "या पाव्हनं! रस्ता सापडला का न्हाई?"

मी म्हटलं, "कुठला रस्ता दाजी, सगळी नदी भुसभुशीत आहे."

आक्का चुलीपुढून म्हणाली, "आमच्या झिऱ्यापाशी बघितलंस का? तितं खाली थर हाय. पांढरा, कडक. आमी उकरतो तवा हातभर वाळू काढली की खापरीवानी वाजतंय."

झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यात खालून पाणी पाझरतं. वाडीच्या बायकांचे तिथं दहा-बारा झिरे होते. एकेक बाई खड्ड्यात उतरून वाटीनं पाणी भरायची आणि वरच्या बाईच्या घागरीत ओतायची. घागर भरायला अर्धा तास. पण पाणी गोड होतं, आणि दोन वर्षांत ते एकदाही आटलं नव्हतं. गावोगावच्या विहिरी तळाला गेल्या, जामखेड-खर्ड्याकडची माणसं बिऱ्हाडं घेऊन निघाली, पण आक्काची वाडी हलली नाही ती या झिऱ्यांवर. दाजींना तर हलवताच येत नव्हतं. तालुक्याचा टँकर वाडीला यायचा नाही, कारण कागदावर लिहिलेलं होतं की वाडीस पाण्याची सोय आहे.

मी पहार घेऊन पळत गेलो. झिऱ्यांपासून वीस पावलं वरच्या अंगाला वाळूत पहार मारली. हातभर गेली आणि खणकन वाजली. दहा पावलं पुढं मारली, खणकन. ह्या काठापासून त्या काठापर्यंत एक चुनखडीचा थर पसरला होता, एखाद्या ओट्यासारखा. अहो, मी तिथंच मटकन वाळूत बसलो आणि लहान पोरासारखा हसलो. माझी नोकरी त्या थरावर उभी होती.

संध्याकाळी आक्का घागर डोक्यावर घेऊन चालली होती, मी तिच्याबरोबर. ती म्हणाली, "आमच्या पान्याला काय न्हाई ना रं व्हनार?"

"छे गं! वीस पावलं वरनं जाणार गाडी. येणार, जाणार, संपलं."

"बघ हां. तुझ्या दाजीला घिऊन मी कुटं जानार?"

"आक्का, माझ्यावर भरोसा नाही का तुझा?"

"हाय की," ती म्हणाली. "म्हनून तर जागा दावली."

मी तेव्हा एवढा विचार करायला हवा होता की पाणी नेमकं तिथंच का पाझरतं. सगळ्या नदीत कुठं नाही आणि इथंच का. माझा जन्म ह्याच मुलखातला. आमच्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं की खाली थर आहे म्हणून पाणी वर थांबलंय. तो थर म्हणजेच त्यांचा हंडा होता, आणि त्याच हंड्यावरून मी चाळीस टन नेणार होतो. मला हे कळत नव्हतं असं मी म्हणत नाही. मी ते मनात येऊ दिलं नाही.

बोट अखेर लागली. ड्रम ट्रेलरवर चढला, चोवीस चाकांचा ट्रेलर, पुढं ओढायला एक मोठा ट्रॅक्टर आणि मागून रेटायला दुसरा. माणूस चालतो त्या चालीनं आम्ही घाट चढलो. वाटेत गावोगावची माणसं रस्त्यावर येऊन उभी राहायची. एका गावात एका म्हातारीनं ड्रमवर हात ठेवून विचारलं, "ही पान्याची टाकी हाय का बाबा?" मी म्हटलं, "नाही आजी, साखर कारखान्याची आहे." तिनं हात काढून घेतला आणि निघून गेली. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात तेच. शेवटी मी जीपमधून उतरायचंच सोडून दिलं.

सगळा जिल्हा आभाळाकडं बघत होता. देवळादेवळांतून देव पाण्यात ठेवलेले, म्हणजे ठेवायला पाणी होतं तिथं. चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थना चालू. आणि मी एकटा असा हरामखोर, की पश्चिमेला ढगाचा एखादा ठिपका दिसला तरी मी वहीतले उरलेले दिवस मोजायला लागायचो. देवा, आठ दिवस नको, एवढे आठ दिवस थांब. असं मागणं मी त्या साली मागितलं. कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी जोडे मारले असते.

काठ तासून उतार केला. थरावरची वाळू बाजूला सारून मुरूम टाकला, मुरुमावर लाकडी स्लीपर आडवे अंथरले, त्यावर लोखंडी पत्रे. कारखान्यानं गडी दिले आणि गड्यांना प्यायला टँकर. टँकर दिवसातून दोनदा भरून यायचा आणि काठावर बाभळीखाली उभा राहायचा. वाडीच्या बायका झिऱ्यात वाटीवाटीनं पाणी भरत तिकडं बघायच्या. कुणी मागितलं नाही. त्यांच्याकडं त्यांचं पाणी होतं.

ट्रेलर सकाळी पात्रात उतरला. वाडी सगळी काठावर. दाजींनी बाज दारात ओढून घ्यायला लावली होती. ट्रेलर निम्म्यापर्यंत आला, सगळं कसं ठरल्यासारखं, आणि मी उलटा चालत ड्रायव्हरला हातानं खुणा करत होतो. एवढ्यात उजवीकडच्या मागच्या चाकांखालून आवाज आला. कड्ड. मोठा नव्हता. भाजलेलं खापर पायाखाली यावं तेवढाच. पत्रे वाकले, स्लीपर उभे राहिले, आणि चाकांची सगळी रांग आसापर्यंत खाली गेली. ड्रम एका अंगाला कलला. बायका किंचाळल्या. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ड्रम कललेला पण ट्रेलरवरच होता, त्याला बांधलेले वायर-रोप ताणून टणटणत होते.

ते दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. जॅक लावायचा, इंचभर उचलायचं, खाली स्लीपर सरकवायचा, की जॅकच खाली जायचा. जेवण उतरेना. साहेब डोक्यावर टोपी घालून काठावर येरझाऱ्या घालायचा आणि दर तासाला विचारायचा, "निघेल ना?" मी म्हणायचो, "निघेल साहेब." माझा माझ्यावर विश्वास नव्हता. जॅकखाली आणखी स्लीपर घालायला मी आडवा होऊन आत शिरायचो, वर चाळीस टन कललेले. मनात यायचं, पडला तर पडू दे, एकदाचा सुटेन. आक्का काठावरून हाका मारायची, "अरं बाहीर ये! नोकरी गेली चुलीत, बाहीर ये!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या ट्रॅक्टरला पलीकडच्या काठावरून लांब वायर-रोप लावला, मागच्यानं रेटलं, आणि ट्रेलर निघाला. निघाला! गडी नाचले. पलीकडच्या काठावर कारखान्याच्या लोकांनी नारळ फोडला, साहेबानं स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात हार घातला. मी हार तसाच ठेवून पात्रात परत गेलो. का गेलो? मला तो आवाज विसरता येत नव्हता. चाकं रुतली होती त्या चरात मी पहार धरली आणि जोर दिला. पहार खणकन वाजली नाही. ती सरळ आत गेली, मुठीपर्यंत. उपसून काढली तर टोक कोरडं.

मी हार काढून खिशात कोंबला आणि कुणाला काही बोललो नाही.

सकाळी आरडाओरड ऐकू आली. आम्ही पलीकडच्या काठावर सामान आवरत होतो. झिऱ्यांपाशी सगळ्या बायका जमलेल्या. मी गेलो. एकेका खड्ड्यात बाई उतरून बसलेली, वाटीनं वाळू खरवडतेय. वाळू ओलसर होती, हाताला गार लागत होती. पाणी नव्हतं. एका बाईनं खालचा थर लागेपर्यंत उकरलं. तिच्या वाटीत चिखल आला, मग तोही यायचा थांबला.

साहेब जीपमधून आला तेव्हा वाडीचे बाप्येही जमले होते. एक म्हातारा पुढं झाला, हात जोडून, पण आवाज चढलेला. "सायेब, तुमच्या गाडीनं आमचं पानी नेलं. आता ह्यो टँकर हितंच ठेवा. पाऊस पडंस्तवर. दुसरं आमी काय मागत न्हाई."

साहेब म्हणाला, "अहो, गाडी वीस पावलं लांबून गेली. तुमच्या खड्ड्यांना हातसुद्धा लागला नाही. कशावरून आमच्यामुळं?"

"मग कशानं ग्येलं? दोन वरसं ग्येलं न्हाई!"

कुणीतरी माझी कॉलर धरली. तो वाडीतलाच गडी होता, मी त्याच्या लग्नात जेवलो होतो. "ह्यानं रस्ता दावला! भडव्या, बहिनीच्या गावात येऊन आमच्या मुळावर उठलास?" त्यानं एक ठेवून दिली. दुसरा कुणीतरी मागून आला. मी हात वर केला नाही. मला वाटलं, मारू दे, चांगलं हाणू दे.

आक्का गर्दी फोडून आत आली आणि माझ्या पुढं उभी राहिली. डोक्यावरचा पदर खाली आला होता. "सोडा त्याला! सोडा म्हंते ना! झिरा काय त्याच्या गाडीनं न्हाई आटला. चार दिस झालं माझ्या झिऱ्याला पानी कमी येत हुतं. मी पाह्यलंय. तुमी घाबराल म्हनून बोलले न्हाई."

आक्का वाडीत कुणाशी खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. माझी कॉलर सुटली. म्हातारा तिच्याकडं बघत राहिला, मग मान खाली घातली.

साहेबाचा जीव भांड्यात पडला. "बघा," तो म्हणाला, "तुमच्यातल्याच बाई सांगताहेत." मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो माझ्याकडं वळला. आवाज मऊ होता. "तुम्ही इथलेच आहात. नदी तुम्हाला माहीत. खरं काय ते तुम्ही सांगा. आमच्यामुळं असेल तर मी टँकर ठेवून जातो, तेवढा अधिकार मला आहे."

तेवढा अधिकार मला आहे. हे शब्द त्यानं खरंच म्हटले. पन्नास वर्षं होऊन गेली, मी ते विसरलो नाही. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. साहेब, थर फुटलाय, चला, पहार घालून दाखवतो. एवढंच. टँकर बाभळीखाली उभा होता, मला तो दिसत होता, त्याच्या तोटीतून थेंब गळत होते. आणि मला दिसत होता शेट, आणि थर फुटेल हे आधी का नाही कळलं म्हणून विचारणारा त्याचा चेहरा, आणि तीन वर्षांची टेम्पररी. आक्का माझ्याकडं बघत होती. सगळी वाडी माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "बाई म्हणतात ते खरंय, साहेब."

तासाभरात आम्ही निघालो. पुढं ड्रम, मागं जीपा, आणि सगळ्यात मागं टँकर. मी मागं वळून बघितलं नाही. असं लिहिणं सोपं आहे, पण खरं सांगतो, मी बघितलं. आक्का झिऱ्यात उतरून वाळू उपसत होती.

शेटनं शब्द पाळला. मी कायम झालो. कागद हातात आला त्या दिवशी मी सही दोनदा चुकलो आणि शेटला वाटलं, आनंदानं. बारा-तेरा दिवसांनी मी सुटी घेतली आणि एसटी धरली. गाडीत सगळा वेळ मी एकच गोष्ट घोकत होतो. आक्काला सांगायचं, वाडीला सांगायचं, मग साहेबाकडं जायचं. नोकरी गेली तर गेली. नगरच्या स्टँडवर मी हे ठरवलं, आणि उतरेपर्यंत ते पक्कं झालं होतं.

वाडीत सांगायला कुणी उरलं नव्हतं. दारांना काट्याच्या फांद्या लावलेल्या. कुत्रीसुद्धा माणसांबरोबर गेली होती. एकट्या आक्काचं दार उघडं. दाजी बाजेवर, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मला बघून हसले तेव्हा ओठातून रक्त आलं. म्हणाले, "बसा पाव्हनं. तुमची आक्का पान्याला गेलीया. यील दुपारपातूर."

"कुठं गेली?"

"डांबरी सडकंच्या पल्याड. इंजनाची हीर हाय तितं. सोडत्यात एक खेप." मग थांबून म्हणाले, "तीन कोस पडतंय."

मी बसलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दाजींनी दोनदा रिकाम्या तांब्याकडं बघितलं आणि मी बघतोय हे लक्षात आल्यावर नजर वळवली. दुपार उलटल्यावर आक्का आली. डोक्यावर घागर, काखेत कळशी. तळपाय फुटून त्यातून चिरा पडलेल्या. मला बघून थबकली, मग घागर उतरवली, कळशी उतरवली. आधी दाजींचं डोकं धरून दोन घोट पाजले. मग तांब्या भरला आणि पाहुणा आला की ठेवतात तसा माझ्यापुढं आणून ठेवला.

"आक्का," मी म्हणालो. "मला बोलायचंय. झिरा माझ्यामुळं गेला. थर फुटला तो. मला त्याच दिवशी कळलं होतं. तू म्हणालीस चार दिवस आटत होता..."

"न्हवता आटत," ती म्हणाली. "आदल्या सकाळी घागर भरून काठापातूर वाहत हुतं. मला ठाव न्हाई व्हय? दोन वरसं मी तितं बसतीया."

"मग तू का खोटं बोललीस?"

ती उंबऱ्यावर बसली. पायाची चीर दाबून धरली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला पेललं असतं.

"तुला मारत हुती ती. मार चुकवाय बोलले मी. त्यो सायेब तुला इचाराय लागला तवा माझ्या जिवात जीव आला. म्हनलं, आता सायबाफुडं कोन हात लावतंय, आता सांगंल त्यो खरं. माझं खोटं पडंल, लोकं मला नावं ठेवतील, ठेवू द्या. टँकर तर ऱ्हाईल." तिनं माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं, तू सांगशील."

दाजींनी बाजेवर कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ते छपराकडं बघत पडून राहिले. साहेबाकडं जातो, आत्ता जातो, असं म्हणायला तोंड उघडलं आणि कळलं की वाडीच नाही तर टँकर कुणासाठी मागायचा.

"पी," आक्का म्हणाली. "उनातनं आलायस."

मी तांब्या तोंडाला लावला आणि प्यायलो.